विंगेतून : फॉर्म, घड्याळ आणि मालडबा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत एक वाक्य शब्दशः तेच आहे : 'ठाण्यात नव्या कलाकाराला वाव नाही.' मला हे वाक्य १९८६ पासून पाठ आहे. तेव्हा मी बँकेतून साडेपाचला सुटून तालमीला पळायचे. तालीम संपल्यावर तलावपाळीच्या कठड्यावर भेळ खाताना आमच्यातला कोणी ना कोणी हे म्हणायचाच. आणि हे कुठल्या गावाबद्दल? जिथे पी. सावळारामांनी गाणीही लिहिली आणि नगराध्यक्षपदही सांभाळलं, जिथे पं. राम मराठे राहिले, त्या गावाबद्दल! असो. वाव आहे की नाही यावर मी भांडत बसत नाही. कुठल्या दारावर काय घेऊन जायचं तेवढं सांगते.

प्रश्न : काकू, आम्ही नऊ जण आहोत, सगळे नोकरी करणारे. कॉलेज सुटून दोन वर्षं झाली. स्वतः लिहिलेली चाळीस मिनिटांची एकांकिका बसवली आहे. कॉलेजचं नाव नाही म्हणून मोठ्या स्पर्धांत घेत नाहीत आणि गडकरी रंगायतन परवडत नाही. प्रयोग करायचा कुठे? (कळवा)

गडकरी परवडत नाही हे एका परीने बरंच झालं. हजाराच्या घरात खुर्च्या असलेल्या त्या थिएटरात तुमचे नव्वद नातेवाईक आले तर पुढच्या तीन-चार रांगा भरतील आणि मागे नुसता काळोख. तो काळोख प्रेक्षकाला दिसत नाही, नटाला दिसतो. माझ्या डोळ्यांदेखत चांगली चांगली पोरं त्याने गारठली आहेत.

तुम्हाला छोटी जागा हवी. घोडबंदर रोडच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मोठ्या रंगमंचाखेरीज मिनी थिएटर आहे. घंटाळीला सहयोग मंदिर आहे. चौकशीला जाल तेव्हा शनिवार-रविवार मागू नका, त्या तारखांवर धंदेवाईक नाटकवाल्यांचा डोळा असतो. मंगळवारची संध्याकाळ मागा. आणि त्याच्याही आधी अभिनय कट्ट्यावर जाऊन नुसते बसा. ठाण्यातली पोरंच तिथे एकपात्री, द्विपात्री करतात. समोर बसलेले लोक तुमचे मामा-मावशी नसतात, म्हणून ते हसले तर खरंच हसले असं समजायचं.

आता स्पर्धा. पुरुषोत्तम, लोकांकिका, आयएनटी या महाविद्यालयांच्या स्पर्धा, त्यांचं दार तुम्हाला बंद झालं हे खरं. पण खुल्या गटाच्या एकांकिका स्पर्धा राज्यभर गावोगावची मंडळं भरवतात. त्यातल्या एखादीत पहिला नंबर काढलात तर 'सवाई'ची पायरी दिसते. चतुरंग प्रतिष्ठानची ही स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते ती २६ च्या पहाटेपर्यंत चालते, आणि वर्षभरात दुसरीकडे पहिल्या आलेल्या एकांकिकाच तिथे उतरतात. दोन अंकी झेपणार असेल तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा आहे. तिथे प्राथमिक फेरी आपापल्या केंद्रावर होते, मग अंतिम. पण 'आम्ही नऊ मित्र' असा अर्ज कुठेच चालत नाही. संस्थेला नाव द्या, ती रीतसर नोंदवा, अध्यक्ष-चिटणीस ठरवा आणि त्यावरून आत्ताच काय ते भांडून घ्या.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखही नाही, त्यावरून मला शंका येते. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली आहे का? आपण सगळे त्याला 'सेन्सॉर' म्हणतो. ते प्रमाणपत्र आणि लेखकाचं संमतिपत्र या दोन कागदांवाचून स्पर्धांचे फॉर्म पुढे सरकत नाहीत. लेखक तुमच्यातलाच आहे म्हणता, तरी त्याच्याकडून सही घ्या. एकांकिका गाजली की मैत्री पातळ होते, हे मी तीनदा पाहिलं आहे.

आणि घड्याळ. चाळीस मिनिटं ही तुमची घरच्या हॉलमधली चाळीस मिनिटं आहेत. त्यात नेपथ्य लावणं आणि उतरवणं धरलंय का? आमच्या एका एकांकिकेत दिवाणखाना होता आणि दिग्दर्शकाला खराखुरा सोफा हवा होता. स्पर्धेत सेट लावायला दहा मिनिटं. सोफा टेम्पोतून उतरला आणि विंगेच्या दारात आडवा अडकला. पाय काढावे तर पाना नाही. शेवटी वॉचमनच्या स्कूटरच्या डिकीतून पाना आला, नवव्या मिनिटाला सोफा आत गेला. पडदा उघडला तेव्हा आमच्या नाटकातले वडील सोफ्याखाली वाकून तो पाना शोधत होते, कारण वॉचमन विंगेत उभा राहून परत मागत होता. परीक्षकांनी वडिलांच्या 'सहज प्रवेशा'चं कौतुक केलं. नेपथ्याचे गुण अर्थात गेले.

तेव्हा सोफा नको. दोन लेव्हल (रंगमंचावरचे लाकडी चौथरे) आणि एक सतरंजी घ्या. दिवाणखाना नटाच्या बसण्यातून दिसतो. जिथे प्रयोग आहे तिथल्या दाराची रुंदी आदल्या दिवशी टेपने मोजून या, आणि सेट लावायची तालीम पाच वेळा वेगळी करा, स्टॉपवॉच लावून, संवाद न म्हणता. हा सल्ला ऐकून सगळे माना डोलावतात आणि करत कोणी नाही.

प्रश्न : मी वीस वर्षांची आहे. एका हौशी ग्रुपमध्ये सहा महिने झाले, पण मला फक्त बॅकस्टेज करायला लावतात. मला अभिनय करायचा आहे. ग्रुप सोडू का? (कोपरी, ठाणे पूर्व)

सोडण्याआधी एकच काम कर. दिग्दर्शकाला बाजूला घेऊन विचार, 'दादा, पुढच्या नाटकाच्या वाचनाला मला बसवणार का?' उत्तर हो किंवा नाही असं आलं पाहिजे. 'बघू गं' आलं तर ते नाहीच समज.

दुसरं म्हणजे बॅकस्टेज म्हणजे नक्की काय करायला लावतात ते तू लिहिलेलं नाहीस. लाइट्सच्या क्यू लिहून घेणं, म्युझिक ऑपरेट करणं, हातवस्तू लावणं हे बॅकस्टेज. सगळ्यांसाठी चहा आणणं, कपडेपटाची ट्रंक एकटीने जिन्यावरून चढवणं आणि तालमीनंतर हॉल झाडणं ही फुकटची चाकरी. ती करत असशील तर ग्रुप आजच सोड, दिग्दर्शकाला विचारायचीही गरज नाही.

पण पहिल्या प्रकारचं काम करत असशील तर जरा थांब. मी पस्तीस वर्षं विंगेत काढली आहेत, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे हे मान्य. मलाही नटीच व्हायचं होतं. एका प्रयोगात दुसऱ्या अंकात नायकाला पत्र येतं आणि तो ते वाचून दाखवतो. हातवस्तूंचं टेबल माझ्याकडे. पत्र होतं कुठे? मागच्या प्रयोगाच्या ट्रंकेत, म्हणजे घरी, माझ्या माळ्यावर. नोकराच्या कामातला मुलगा विंगेत हात पुढे करून उभा, त्याची एन्ट्री चार वाक्यांवर. मी पर्समधलं विजेचं बिल घडी घालून त्याच्या हातात कोंबलं. नायकाने ते उघडलं, एक क्षण युनिटच्या आकड्यांकडे पाहिलं, आणि मग अख्खं पत्र म्हटलं, जिथे थांबायचं तिथे थांबून, जिथे आवाज कापरा करायचा तिथे कापरा करून. समोर लोक डोळे पुसत होते. मी त्याच्यापासून सहा फुटांवर उभी होते आणि त्याचा अंगठा बिलाच्या कडेवर कसा फिरतोय ते बघत होते. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला तो अंगठा दिसला नसेल. मला अभिनयाबद्दल जे काही कळतं ते त्या अंगठ्यावरून कळलं. (विंगेत आल्यावर त्याने मला जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. बिल मात्र परत दिलं, शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.)

व्यवहाराचंही सांगते. व्यावसायिक नाटकात बॅकस्टेजवाल्याला दर प्रयोगाची नाइट, म्हणजे मानधन, मिळते. प्रकाशयोजना नीट शिकलेली मुलगी आजही कमी सापडते, अभिनेत्री व्हायला निघालेल्या मात्र ढीगभर. तुला दोन्ही करायची मुभा आहे.

पुढे रीतसर शिकायचं मनात असेल तर मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स कलिन्याला आहे, पुण्याला ललित कला केंद्र आहे. दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पदवी मागतं आणि किमान सहा नाटकांतला सहभागही. म्हणून प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, कात्रण, प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवायला लाग. पत्रिकेत तुझं नाव छापलंय ना, आणि बरोबर छापलंय ना, ते छपाईला जाण्याआधी बघ.

प्रश्न : माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. टीव्हीवरच्या दोन शोमध्ये पहिल्या फेरीतच बाहेर पडली आणि आता रियाजाला बसत नाही. तिच्यासाठी एखादी शिष्यवृत्ती आहे का? (ऐरोली)

ताई, आहे, पण दोन वर्षांनी. केंद्र सरकारच्या सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र) या संस्थेची जी शिष्यवृत्ती शाळकरी मुलांना मिळते ती दहा ते चौदा वयाची. ती गाडी गेली. दुसरी आहे ती सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची : वय १८ ते २५, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये, देशभरात मिळून ४०० जणांना. या शिष्यवृत्तीसाठी गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. तुमच्या लेकीची आठ झालीत, म्हणजे ती अट आत्ताच पुरी आहे. गुरुजींकडून तसं लिहून घ्या, आणि शिकायला सुरुवात कोणत्या साली केली ते सगळ्या कागदांवर एकच येऊ द्या. अर्ज बाद होतात ते आवाजावरून कमी, अशा विसंगतीवरून जास्त.

मधली दोन वर्षं गांधर्वच्या परीक्षांना द्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ तुमच्यापासून सहा स्टेशनांवर, वाशीलाच आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात. विशारद पूर्ण झाली की पुढे कुठेही गाताना ओळख सांगायला बरं पडतं. आकाशवाणीची स्वरपरीक्षाही डोक्यात असू द्या.

टीव्हीच्या शोबद्दल मला फारसं बोलायचं नाही. तिथे दीड मिनिटात आवाज बघतात, आणि आठ वर्षं बडा ख्याल शिकलेल्या मुलीला दीड मिनिटात नीट षड्जही लावू देत नाहीत. ती हरली असं तिला वाटतंय, पण तिचा खेळच वेगळा होता.

रियाजाला बसत नाही म्हणता, तर तिला तानपुऱ्याला बसवा. खरंच. एखाद्या वडीलधाऱ्या गायकाची बैठक असेल तिथे गुरुजींना सांगून तिला मागे तानपुरा घेऊन बसायची सोय करा. महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत महोत्सव ठाण्यात होतो, तिथे आधी श्रोती म्हणून न्या आणि गायकाकडे नाही, मागे बसलेल्या मुलींकडे बघायला सांगा. तीन तास पाठ ताठ, बोटं चालू, चेहऱ्यावर काही नाही, आणि गायकाने मान किंचित वळवली की खर्ज उतरलाय हे तिला कळतं. आमच्या शेजारची एक मुलगी कोजागिरीच्या एका कार्यक्रमात अशीच बसली होती. मध्यंतरानंतर बुवांनी भजनाच्या ध्रुवपदाला तिला 'घे' अशी नुसती खूण केली. घरी येऊन पोरगी रात्री दोनपर्यंत झोपली नाही, आणि आईने सांगायच्या आधी सकाळी रियाजाला बसली.

प्रश्न : चित्रकलेची पदवी घेऊन एक वर्ष झालं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला कित्येक वर्षं लागतात असं सगळे सांगतात. नवी मुंबईत राहून चित्रं दाखवायची कुठे? (कोपरखैरणे)

जहांगीरला अर्ज करा आणि विसरून जा. १९५२ पासून ती गॅलरी आहे आणि रांगही तशीच जुनी आहे. तुमचा नंबर लागेल तेव्हा तुमची चित्रं आजच्यापेक्षा चांगली असतील असं धरून चालू.

तोपर्यंत सामूहिक प्रदर्शनं. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन : त्यात विद्यार्थी विभाग वेगळा आणि कलाकार विभाग वेगळा. तुमची पदवी झाली आहे, तेव्हा फॉर्म बघून भरा, चुकीच्या विभागात टाकलेलं चित्र कोणी आपल्यासाठी उचलून दुसरीकडे ठेवत नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ ची. दोघींच्या वार्षिक प्रदर्शनांत तुमच्यासारखी नवी मुलं दरवर्षी लागतात. ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचं कलाभवन आहे. बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, पण तिथे हस्तकला, कापड, मातीकाम यांची गर्दी. तुमचं काम कॅनव्हासवरचं असेल तर तिथे लोक भाव करतील आणि तुम्ही रडाल.

निवड बहुतेक वेळा फोटोवरून होते. म्हणून तेलरंगाचं चित्र ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढू नका, वर पांढरा पट्टा चमकतो. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट न पडता, कॅमेरा चित्राच्या मधोमध धरून काढा. चौकटीबाहेरचं वॉशिंग मशीन कापा. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. एका स्थानिक प्रदर्शनाच्या कामात मी मदतीला होते तेव्हा आलेल्या फोटोंत दोन वॉशिंग मशीन आणि एक झोपलेलं मांजर होतं. मांजरवाल्याचं चित्र निवडलं गेलं, पण तो अपवाद.

मग चित्र पोहोचवायचं. कोपरखैरण्याहून ठाण्याला ट्रान्सहार्बरने चार बाय तीनचा कॅनव्हास न्यायचा तर मालडब्यात चढा, दुपारी बारा ते चारच्या मध्ये. चेहरा आतल्या बाजूला, कोपऱ्यांना पुठ्ठ्याची टोपी, वर बबल रॅप, आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'काच आहे' असं लिहायचं. काच नसली तरी लिहायचं. 'चित्र आहे' लिहिलंत तर त्याला टेकून कोणीतरी कोथिंबिरीची गोणी ठेवतो. मागे दोन हुक आणि तार घरूनच लावून न्या, गॅलरीत खिळा-हातोडी शोधत फिरणारा कलाकार मला दर वेळी भेटतो. लेबलवर नाव, माध्यम, आकार आणि किंमत. किंमत लिहायला लाजू नका. रिकामी जागा सोडलीत तर बघणारा विचारत नाही, पुढे जातो.

प्रश्न : मला एका मालिकेत निवडल्याचा फोन आला. शूटिंग घोडबंदरला आहे म्हणतात. आधी पोर्टफोलिओ आणि आर्टिस्ट कार्डसाठी १५,००० रुपये ऑनलाइन भरायला सांगितले आहेत. भरू का? (दिवा)

नको.

घोडबंदरला शूटिंग चालतात हे खरं आहे, म्हणूनच त्या नावाने गंडा घालणं सोपं जातं. बाळा, ऑडिशन न घेता निवड होत नाही आणि काम देणारा कधी कामाचे पैसे मागत नाही. पैसे त्याने तुला द्यायचे असतात. फोटो काढायचे तर ते तुझ्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून काढ, पोर्टफोलिओला फार तर दोन साधे, एक हसरा आणि एक बाजूने एवढेच लागतात. आधीच काही भरलं असशील तर लाजून घरी बसू नको, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन कर आणि त्या माणसाचे मेसेज पुसू नको.

प्रश्न : माझे वय ६७. निवृत्तीनंतर कविता लिहू लागलो. सर्वत्र 'उदयोन्मुख' म्हणजे तरुण असेच दिसते. आम्ही कुठे जावे? (वर्तकनगर)

साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ च्या आतल्यांसाठी, तो विसरा. पण राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग असतो, आणि त्यातला कवितेचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाने आहे. तिथे पुस्तक पहिलं असावं लागतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही पहिल्या पुस्तकासाठीच आहे. हस्तलिखित टाइप करून घ्या, वहीची झेरॉक्स कोणी वाचत नाही. आणि तुम्ही पाठवलेल्या अकरा कवितांपैकी पावसावरच्या सात बाजूला ठेवा. ती पेन्शनच्या रांगेवरची आणि टीएमटी बसच्या खिडकीवरची, त्या दोन चांगल्या आहेत. तशा अजून वीस झाल्या की मराठी ग्रंथसंग्रहालयात या. १८९३ सालची संस्था आहे ती, तिथे ६७ म्हणजे पोरगाच. मी बहुतेक गुरुवारी संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी असते, चष्मा कपाळावर. वही आणा, पण पावसाची नको.